भाजे लेण्यांची वाट आणि वाटेवरचे पाणी

आषाढी पौर्णिमा झाली आणि वर्षावास सुरू झाला, की आमच्या वस्तीतल्या विहारात दोन विषय हमखास निघतात. यंदा ग्रंथवाचन कोणी करायचे हा एक, आणि यंदा लेणी पाहायला कुठे जायचे हा दुसरा. गेल्या पावसाळ्यात भाजे ठरले. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल मळवलीला थांबते. तेथून एक्सप्रेस हायवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव चालत अर्ध्या-पाऊण तासावर. गाडीचा खर्च नाही, म्हाताऱ्या माणसांना झेपेल असा चढ. म्हणून सर्वांनी माना डोलावल्या.

वाद झाला तो वाटाड्यावरून. महिला मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी सांगितले, की वाटाड्या घेतल्याशिवाय आपण निघायचे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती. ती चित्रफीत आम्ही सर्वांनीच पाहिली होती. तरीही आमच्यातले एक दादा म्हणाले, "लेणी आपलीच. आपल्याच घरी जायला वाटाड्या कशाला?" आम्ही हसलो. खरे सांगायचे तर आम्हा बहुतेकांच्या मनात तेच होते. माणशी पन्नास रुपये जादा काढायचे जिवावर आले होते. पण अक्कांपुढे कोणाचे चालत नाही. त्यांनी कामशेतच्या नातेवाइकांकडून भाज्याच्या बाजूचा एक माणूस ठरवला.

आधी पाय पाहिले

रविवारी सकाळी मळवलीला उतरलो तेव्हा आम्ही एकतीस जण होतो. चौदा बाया, नऊ पुरुष आणि आठ मुले. पाऊस रिमझिम होता. वाटाड्या स्टेशनबाहेर उभा होता. पन्नाशीचा गडी, डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, हातात काठी, गळ्यात दोरीने बांधलेली शिट्टी. मुलांनी त्याला लगेच मामा करून टाकले.

मामांनी जय भीम घेतला आणि पहिल्यांदा आमचे चेहरे नव्हे, पाय पाहिले. दोघींच्या पायांत गुळगुळीत तळाच्या चपला होत्या. "या दोघी लेण्यांच्या पुढं यायच्या न्हाईत," ते म्हणाले. मग विचारले, दमा कोणाला आहे, बीपीची गोळी कोण घेते, साखर कोणाला आहे. आमच्या एका मावशींनी वीस वर्षांत शेजारणीला न सांगितलेली साखर तिथे सांगून टाकली. त्यानंतर मोजणी झाली. प्रत्येकाला जोडीदार ठरवून दिला. पुढे मामा, आणि सर्वांत मागे आमच्यातला एक धडधाकट माणूस. "ह्याच्या मागं कुणी राहायचं न्हाई आन् माझ्या पुढं कुणी जायचं न्हाई," एवढाच नियम. आम्हाला ते जरा शाळेच्या सहलीसारखे वाटले.

लेण्यांत

गावातून लेण्यांपर्यंत दगडी पायऱ्या आहेत. आजींना घेऊन थांबत थांबत आम्ही वर पोहोचलो. तिकीट काढून आत गेलो आणि समोर चैत्यगृहाची ती भव्य कमान उभी राहिली. सगळे गप्प झाले.

भाज्याला एकूण बावीस लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथले काम सुरू झाले असे अभ्यासक मानतात. म्हणजे बावीसशे वर्षे झाली. मोठ्या चैत्यगृहात अष्टकोनी खांबांची रांग आहे. हे खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे कलते घेत. दगडात तशी गरज नव्हती, पण कारागिरांचा हात लाकडाला सरावलेला होता, म्हणून दगडातही त्यांनी तीच रीत ठेवली. वर छताला लाकडी कमानी आहेत. मागे साधा, कोरीवकाम नसलेला स्तूप आहे. आम्ही तिथे बसून वंदना घेतली. बाहेर पावसाचा आवाज आणि आत एकतीस जणांचा सूर. ते ऐकून एका आजींचे डोळे भरून आले.

थोड्या अंतरावर चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. इथे राहून गेलेल्या थेरांची ही स्मारके. त्यांतल्या काहींची नावे कोरलेली आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. मुलांनी ही नावे मोठ्याने म्हणून पाहिली. शेवटच्या विहारात रथ आणि हत्ती यांची प्रसिद्ध शिल्पे आहेत. कोणी त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, कोणाला ते मान्य नाही. तिथेच नाचणारी एक स्त्री आणि वाद्य वाजवणारी दुसरी स्त्रीही कोरलेली आहे.

आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते मात्र पाण्याचे टाके. एका टाक्यावरच्या लेखात ते कोणाचे दान आहे ते सांगितले आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. डोंगरातल्या माणसाला पाणी मिळावे म्हणून त्या जुन्या काळी कोणीतरी खर्च केला आणि दगडात लिहून ठेवला. अक्का मुलांना म्हणाल्या, "बघा रे, डोंगरात येणाऱ्याची काळजी घ्यायची रीत किती जुनी आहे."

ओढ्याजवळ

बारा वाजता भाकरी-चटणी खाल्ली. आजी मंडळी, लहान मुले आणि त्या दोन चपलावाल्या लेण्यांतच थांबल्या. उरलेले सतरा जण विसापूरकडे निघालो. लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले भाज्याच्या डोक्यावरच आहेत. विसापूर लोहगडाहून थोडा उंच आणि त्याचे पठार फार मोठे. मामांनी सकाळीच सांगितले होते, "किल्ल्यावर जायचं का न्हाई ते वढा ठरवंल."

तो ओढा आला तेव्हा आम्हाला हसूच आले. घोट्याएवढे स्वच्छ पाणी, खालचे दगड दिसत होते. पाऊसही थांबला होता. मामा मात्र ओढ्याच्या कडेला उकिडवे बसले. पाण्याकडे पाहिले, मग वर पठाराकडे पाहिले. तिकडे काळेभोर झाले होते. पाण्यातून पाने आणि काटक्या येऊ लागल्या होत्या. ते उठले आणि म्हणाले, "फिरा मागं."

आमच्यात गलका झाला. इतक्या लांब आलो, पैसे दिले, पाऊस नाही, पाणी घोट्याएवढे. तेच दादा पुढे होऊन म्हणाले, "मामा, तुम्हाला चढायचा कंटाळा आलाय." मामांनी खिशातून पैसे काढून त्यांच्यापुढे धरले. "हे घ्या. पर मी पलीकडं न्हेनार न्हाई." आम्ही सगळे त्या दोघांकडे पाहत होतो. त्याच वेळी आमच्यातली दोन मुले, एक दहावीचा आणि एक अकरावीचा, गुपचूप ओढा ओलांडून पलीकडे गेली आणि तिकडून हात हलवू लागली.

मामांनी जोरात शिट्टी मारली. मुलांना वाटले चेष्टा चालली आहे. ती आणखी थोडी वर गेली, एका खडकावर उभी राहून फोटो काढू लागली. दहा मिनिटेही झाली नसतील. आधी आवाज बदलला. झुळझुळ होती ती घरघर झाली. मग पाणी गढूळ झाले. गुडघ्याएवढे झाले, आणि पाहता पाहता कमरेएवढे लालसर पाणी दगड लोटत खाली जाऊ लागले. आम्ही उभे होतो तिथे पावसाचा थेंब नव्हता. पाऊस वर पठारावर पडला होता.

दहावीच्या मुलाची आई आमच्यातच होती. दुसरा तिचा भाचा. ती ओरडत पाण्याकडे धावली. बायांनी तिला धरले. मुलेही घाबरली आणि उतरून काठाशी आली. मामांनी दोन्ही हातांनी खुणा केल्या, ओरडून सांगितले, "वर व्हा! पाण्यापासनं लांब! एका जागी बसा!" मुले मागे सरली आणि एका मोठ्या दगडाजवळ एकमेकांना धरून बसली. आमच्यातला एक तरुण पोहायला पटाईत आहे. तो शर्ट काढून निघाला. मामांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. "दोन पलीकडं हायेत, पर जितं हायेत. तू व्हावत गेलास तर म्या कुनाला शोधू?" 

आई म्हणत होती, "दोरी टाका, काही तरी करा." मामांच्या पिशवीत दोरी होती. पण वाहत्या पाण्यात कमरेला दोरी बांधून माणूस उतरवला तर पाण्याच्या जोराने तो दोरीसकट खाली दबतो, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले. त्या वेळी ते फक्त "न्हाई" म्हणाले. थोडे उंच जाऊन जिथे फोन लागतो तिथून त्यांनी गावात फोन केला. गावातून दोन पोरे निघाली. खाली रस्त्याच्या मोरीवरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या कडेने वर यायचे, असा तो लांबचा फेरा होता.

आम्ही पावणेदोन तास त्या काठावर उभे होतो. काही न करता उभे राहणे हे किती अवघड काम आहे, ते त्या दिवशी कळले. दर थोड्या वेळाने मामा शिट्टी वाजवत आणि पलीकडून मुले हात वर करत. पुन्हा पाऊस सुरू झाला. मुलांचे ओठ काळेनिळे पडलेले इथून दिसत होते. आई बोलायची थांबली होती. अक्का तिचा हात धरून नुसत्या उभ्या होत्या.

शेवटी पलीकडच्या झाडीतून दोन खोळी हलताना दिसल्या. गावच्या पोरांनी मुलांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि त्यांना पलीकडच्या वाटेनेच खाली नेले. आम्ही आलो त्या वाटेने उतरलो. चारच्या सुमारास गावात सगळे एकत्र आलो. आम्हाला वाटले होते आई आता मुलाला मारणार. तिने काही केले नाही. पदराने त्याचे डोके पुसले, मग भाच्याचे पुसले, आणि खाली बसून रडली.

मामांनी पुन्हा मोजणी केली. एकतीस. मगच चहा घेतला. आमचे दादा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मामा म्हणाले, "तुमची चूक न्हाई भाऊ. वढा लहान दिसतो तवाच माणसं फसत्यात."

परतीच्या गाडीत

लोकलमध्ये कोणी फारसे बोलत नव्हते. अक्कांनी मग मुलांना जवळ बसवले आणि विचारले, "भिक्खू वर्षावासात एका जागी का राहत होते, सांगा पाहू." मुलांनी विहारात ऐकलेले सांगितले. पावसाळ्यात फिरले तर कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली येतात, लोकांनी तशी तक्रार केली, म्हणून तथागतांनी नियम केला. अक्का म्हणाल्या, "बरोबर. आणि नद्या-ओढ्यांचाही विचार करा. वर्षाचे बाकीचे महिने पायी फिरणारी ती माणसं. चालायची सवय आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तीसुद्धा पावसात थांबत होती. आज आपण ज्या विहारांत बसून भाकरी खाल्ली, ते अशाच थांबण्यासाठी आहेत."

आम्हाला सकाळचे ते वाक्य आठवले. लेणी आपलीच, आपल्याला वाटाड्या कशाला? लेणी आपली आहेतच. पण ओढा आपल्याला ओळखत नाही. त्याला ओळखणारा माणूस त्या गावातच राहतो.

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे

मामांकडून त्या दिवशी आणि नंतर आम्ही जे शिकलो, ते आमच्या बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि मजुरी आधीच ठरवावी. तो मागे फिरा म्हणाला तरी पूर्ण मजुरी द्यावी. मागे फिरवणे हेही त्याचे कामच आहे. पैसे कापले तर पुढच्या वेळी तो कोणाला तरी नको तिथे पुढे नेईल. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर जाण्यास प्रशासन वेळोवेळी मनाई करते. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

तळाला खाचा असलेले बूट किंवा घट्ट बसणारी पावसाळी पादत्राणे घालावीत. हिरवे-काळे शेवाळ धरलेल्या दगडावर पाय देऊ नये. कड्याच्या टोकाला आणि सुटलेल्या दरडीखाली उभे राहू नये. बायांनी साडीचा घोळ अडकणार नाही असे नेसावे किंवा सलवार-कमीज घालावी, यात लाज वाटण्याचे कारण नाही.

ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या येऊ लागल्या, आवाज वाढला, तर त्याच क्षणी पाण्यातून आणि काठावरून बाजूला व्हावे. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर असू शकतो. धबधब्याच्या माथ्यावरून ओढा कधीच ओलांडू नये. पलीकडे अडकलात तर तिथेच उंचावर बसावे. डोंगरातला ओढा जसा लवकर चढतो, तसा पाऊस थांबल्यावर लवकर उतरतोही.

धुके आले आणि वाट दिसेनाशी झाली तर चालत राहू नये. विसापूरसारख्या मोठ्या पठारावर माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, नाहीतर कड्याशी जातो. सर्वांनी एकत्र थांबावे. शिट्टी प्रत्येकाजवळ असावी. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. संकटाची ही खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही.

मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि फोटोंत बॅटरी संपवू नये. तातडीच्या मदतीला ११२ क्रमांक लावावा. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीचे असेल तर तो लागू शकतो. कोठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी एकाला सांगून निघावे. दुपारी तीननंतर वर चढू नये.

पिशवीत एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून न्यावा. भिजलेल्या अंगाला वारा लागला की पावसाळ्यातही माणूस गारठून बधिर होतो. टॉर्च, गूळ-शेंगदाणे आणि नेहमीच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. साप चावला तर जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्यावे. त्यावर औषध तिथेच आहे.

पुन्हा विसापूर

दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा आम्ही पुन्हा मामांना फोन केला. या वेळी वर्गणीचा वाद झाला नाही. दादांनीच पैसे गोळा केले. त्या ओढ्यात आता नुसते दगड होते, मधूनमधून डबकी. ज्या दगडाजवळ मुले बसली होती तिथे आम्ही थोडा वेळ थांबलो. त्या दोघांनी तो दगड हात लावून पाहिला. आई आमच्याबरोबर आली होती. ती दगडाकडे न पाहता पुढे गेली.

वर विसापूरचे पठार सोनेरी गवताने भरले होते. लांबच लांब तटबंदी दिसत होती. समोर लोहगड, ज्याला जुलै २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. खाली इंद्रायणीचे खोरे, आणि खोऱ्यापलीकडच्या रांगेत कार्ल्याची लेणी. मामांनी काठीने एकेक दाखवले. आम्ही विचारले, "मामा, त्या दिवशी आम्ही ऐकलं नसतं तर?" ते म्हणाले, "तुम्ही कुठं ऐकलं होतं?" आणि हसले.

उतरताना मामा पुढे होते. सर्वांत मागे राहण्याचे काम या वेळी त्या अकरावीच्या मुलाने मागून घेतले होते. ओढ्याजवळ आलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "सगळे थांबा, मोजू द्या." आम्ही थांबलो.